रमाबाई रानडे : येरवड्याच्या स्त्री-विभागापर्यंत

तासगावच्या वायव्येस, सागरेश्वराच्या डोंगराजवळ देवराष्ट्रे हे गाव आहे. ते आज सांगली जिल्ह्यात असले, तरी त्या काळी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. याच गावी १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी यमुना जन्मली. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या घरात नव्हती. १८७३ साली अकराव्या वर्षी तिचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे व विधुर होते. यमुनेची रमाबाई झाली आणि तिचे शिक्षण सासरी सुरू झाले. पतीचा आग्रह शिकण्याचा, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्याला कडवा विरोध. या ओढाताणीतच त्या मराठी व पुढे इंग्रजी शिकल्या. संसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ती सहज समजेल.

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या ग्रंथाचा मराठी आत्मचरित्रांच्या अभ्यासात आवर्जून विचार होतो. १९१० साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ १९०१ मधील न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबतो. त्यामुळे केवळ तेवढाच वाचणाऱ्याच्या मनात पतिनिष्ठ रमाबाईंची प्रतिमा ठसते. वैधव्यानंतरची तेवीस वर्षे मात्र नजरेआड राहतात. येथे त्या वर्षांतील एका कार्याकडे लक्ष वेधावयाचे आहे.

पुण्यात वास्तव्यास आल्यावर रमाबाई येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री-विभागास नियमित भेट देऊ लागल्या. स्त्री-कैद्यांना पुरुषांपासून पूर्णपणे वेगळे, दृष्टीआड व बोलण्याच्या टप्प्याबाहेर ठेवावे, असा दंडक १८९४ च्या तुरुंग कायद्याने घातला होता. कायद्याने भिंत उभी केली. परंतु भिंतीआड त्या स्त्रियांनी दिवस कसे कंठावेत, याचा विचार त्यात फारसा नव्हता. पुरुषांसाठी बांधलेल्या तुरुंगाच्या एका कोपऱ्यात मूठभर स्त्रिया, असेच स्वरूप बहुतेक ठिकाणी असे.

या स्त्रिया कोण होत्या, हे समजण्यास १८८१ चा सुरतेचा खटला उपयोगी पडतो. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. मुंबई इलाख्यात त्यावर मोठा वाद झाला आणि ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ त्यातूनच जन्मले. त्याआधीच, १८६३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. म्हणजे ज्या समाजाने विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद केली, त्याच समाजातून तुरुंगाकडे जाणारी एक वाट निघत होती. रमाबाई स्वतः विधवा, शिवाय न्यायाधीशाची पत्नी. शिक्षा फर्मावणाऱ्यांच्या घरातून शिक्षा भोगणाऱ्यांच्या दारी जाणे त्या काळी सोपे नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

तेथे त्या करीत काय? कैदी स्त्रियांशी बोलत, धर्मग्रंथ वाचून दाखवीत, सणासुदीला गोडधोड वाटीत. त्या स्त्रियांच्या मनात स्वाभिमान जागवावा, हा हेतू होता. आजच्या वाचकाला ही साधने तोकडी वाटतील, आणि काही अंशी ती तोकडी होतीच; वाचन व मिठाई यांनी सुटकेनंतरच्या पोटाचा प्रश्न सुटत नाही. रमाबाईंना याची जाणीव होती, असे त्यांच्या इतर कार्यावरून म्हणता येते. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका होण्याचे शिक्षण दिले. उच्चवर्णीय घरांत परिचारिकेचे काम हलके मानले जात असता त्यांनी विद्यार्थिनींना त्याकडे वळविले. स्वतःच्या मिळकतीवर उभी राहिलेली स्त्री तुरुंगाच्या वाटेस सहसा जात नाही. त्या दृष्टीने सेवासदन आणि येरवडा ही कार्ये एकमेकांशी जोडलेलीच दिसतात. सुधारगृहातील मुलांकडेही त्या जात.

मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या अखेरपर्यंत झगडत राहिल्या. १९२४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, मिठाच्या सत्याग्रहात, सुशिक्षित घरांतील स्त्रिया राजबंदी म्हणून त्याच येरवड्याच्या तुरुंगात दाखल झाल्या.