धर्मानंद कोसंबी : जागेपणाचा उपासक

गोव्यातील सांखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच. घरच्या नारळीच्या बागा सांभाळण्यात तारुण्य चालले होते, पण मन स्वस्थ नव्हते. अशात ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि आयुष्याला दिशा मिळाली.

१८९९ मध्ये पत्नी व लहानग्या मुलीला मागे ठेवून ते ज्ञानासाठी घराबाहेर पडले व पुण्यास आले. येथे डॉ. रा. गो. भांडारकरांचा त्यांना आधार मिळाला. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. तेथून नेपाळ, बुद्धगया आणि मग सिंहलद्वीप. १९०२ मध्ये कोलंबोस श्रामणेराची दीक्षा घेऊन ते पाली शिकले. ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला. या भ्रमंतीचे कौतुक करताना घरी राहिलेल्या मायलेकींनी काय सोसले, हेही विसरता कामा नये.

परंतु कोसंबींचे खरे वैशिष्ट्य पुढेच आहे. चीवर उतरवून ते पुन्हा संसारात आले. कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डच्या वाऱ्या केल्या आणि ‘समाधिमार्ग’ लिहून ध्यानाची वाट मराठी वाचकाला सोपी करून दिली.

ही वाट गुहेतच सुरू होते असे नाही. चालताना आपण चालत आहोत, जेवताना जेवत आहोत, मनात राग उठला तर राग उठला आहे, याचे भान ठेवणे म्हणजे पालीतील ‘सति’, अर्थात स्मृती. येथे स्मृती म्हणजे मागचे आठवणे नव्हे, तर समोरच्या क्षणाचा विसर न पडणे. कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम चालते तेव्हा कारागिराचा हात, डोळा आणि कान एकाच ठोक्यावर असतात. लक्ष उडाले की भांड्यावर खूण उमटते. स्मृतीची पहिली पायरी अशीच आहे. फरक इतकाच, की साधकाला तांब्याबरोबर स्वतःच्या मनावरही नजर ठेवायची असते.

हे भान माणसाला जगापासून तोडत नाही, याची साक्ष कोसंबींचे जीवनच देते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. मुंबईत परळला कामगारवस्तीत ‘बहुजनविहार’ उभा राहिला, तोही त्यांच्याच प्रेरणेने. अखेरीस देह व्याधींनी जर्जर झाल्यावर सेवाग्राम येथे अन्नत्याग करून जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. तो काही आपण गिरवावा असा धडा नव्हे.

आपण गिरवावा असा धडा फार साधा आहे. पुस्तक समोर, डोळे ओळीवर आणि मन परीक्षेच्या निकालात, हा अनुभव कोणाला नाही? अशा वेळी मन कोठे गेले हे ओळखावे, त्याच्यावर न रागावता त्याला पुन्हा त्याच ओळीवर आणावे. दिवसातून शंभरदा गेले तर शंभरदा आणावे. कोसंबींनी ज्यासाठी देशोदेशी पायपीट केली, त्याचा आरंभ आपल्याला बसल्या जागी करता येतो.