ऐन लढाईत बंद पडणारं स्पिटफायरचं इंजिन शिलिंगबाईंनी एका चकतीने सुधारलं

साल 1940. जर्मन विमान नाक खाली घालून निसटायचं. मागच्या स्पिटफायरने तसाच सूर मारला की इंजिन गचके खायचं, कधी बंदच पडायचं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं, झडप उघडी राहायची आणि इंजिनात पेट्रोलचा पूर यायचा.

हे कोडं सोडवलं बिॲट्रिस शिलिंग यांनी. जन्म 1909, इंग्लंड. 14व्या वर्षी मोटरसायकल घेतली, मँचेस्टरला इंजिनिअरिंग केलं, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी 100 मैलांच्या वर बाईक पळवली. 1936 साली फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात लागल्या.

त्यांचा उपाय म्हणजे पेट्रोलच्या नळीत बसणारी, भोक पाडलेली धातूची छोटी चकती. खरी मेख भोकाच्या मापात होती. या मर्लिन इंजिनात सुपरचार्जर टर्बोसारखीच जास्तीची हवा कोंबायचा. त्या हवेला पेट्रोल कमी पडलं तर इंजिन फुटायची भीती, जास्त झालं तर ते गुदमरणार. म्हणून पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल सोडणारं भोक ठेवलं.

मार्च 1941 पासून चकत्या बसू लागल्या. विमान उलटं ठेवून फार वेळ उडवणं तरीही जमत नव्हतं, पण सूर मारताना इंजिनाचा दगा थांबला.

शिलिंग 1990 साली गेल्या. टर्बो गाडी ट्यून करताना हिशोब आजही तोच आहे, हवा किती जाते ते आधी बघा, मग पेट्रोल ठरवा.