येला लेपमन : बालग्रंथपरिषदेमागील वाचनकक्ष

बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात नोव्हेंबर १९५१ मध्ये म्यूनिक येथे भरलेल्या परिषदेला आरंभबिंदूचे स्थान आहे. लेखक, चित्रकार, प्रकाशक, ग्रंथपाल आणि शिक्षक यांनी बालग्रंथाच्या निमित्ताने एकत्र यावे, परस्परांचे काम पाहावे आणि त्याची चिकित्सा करावी, ही कल्पना तेथे प्रथमच व्यापक प्रमाणावर साकार झाली. या परिषदेचे श्रेय येला लेपमन (१८९१–१९७०) यांना दिले जाते. मात्र त्यांच्या चरित्राचे सूत्र केवळ संघटनकौशल्यात शोधणे अपुरे ठरेल. आधी मूल, मग पुस्तक आणि त्यानंतर प्रौढांची परिषद, असा त्यांच्या कार्याचा क्रम आहे आणि त्या क्रमातच त्याचे मोल सामावलेले आहे.

१५ मे १८९१ रोजी श्टुटगार्ट येथील एका उदारमतवादी ज्यू कुटुंबात येला यांचा जन्म झाला. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी तंबाखूच्या कारखान्यातील परदेशी कामगारांच्या मुलांसाठी एक वाचनकक्ष सुरू केला. त्यांच्या पुढील कार्याचे बीज या लहानशा उपक्रमात दिसते. १९१३ मध्ये गुस्टाव लेपमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धात झालेल्या जखमांमुळे १९२२ मध्ये पतीचे निधन झाले आणि दोन अपत्यांचा भार त्यांच्यावर आला. त्यांनी पत्रकारितेचा मार्ग स्वीकारला आणि श्टुटगार्टमधील एका प्रमुख दैनिकाच्या त्या पहिल्या स्त्री-संपादक झाल्या. १९३३ मधील सत्तांतरानंतर ज्यू असल्यामुळे हे पद त्यांना गमवावे लागले. १९३६ मध्ये मुलांसह देश सोडून त्यांनी इंग्लंडमध्ये आश्रय घेतला.

१९४५ च्या शरद ऋतूत त्या जर्मनीत परतल्या, त्या अमेरिकी सैन्याच्या गणवेशात. स्त्रिया व युवक यांच्या प्रश्नांवरील सल्लागार म्हणून त्यांची नियुक्ती झाली होती. ज्या देशाने आपल्याला हाकलून दिले त्या देशाच्या पुनर्घडणीत सहभागी व्हावे किंवा कसे, हा निर्णय त्यांच्यासाठी सोपा नव्हता. प्रौढांविषयी त्यांच्या मनात दाट शंका होती. मुलांना मात्र त्या अपराधी मानत नव्हत्या. उद्ध्वस्त शहरांतून हिंडताना त्यांना अन्नवस्त्राचा तुटवडा दिसत होताच; पण बारा वर्षे बाहेरच्या जगापासून तोडल्या गेलेल्या मुलांची बौद्धिक उपासमारही त्यांना तितकीच गंभीर वाटली. भाकरीच्या आधी पुस्तके कशासाठी, या आक्षेपाला त्यांनी कृतीने उत्तर द्यावयाचे ठरविले.

त्यांनी वीस देशांना पत्रे पाठवून त्या त्या देशांतील उत्तम बालग्रंथांची मागणी केली. खर्चासाठी पैसा नसल्याने ही पुस्तके देणगी म्हणूनच मिळणे आवश्यक होते. दोन वेळा जर्मन आक्रमण सोसलेल्या बेल्जियमने प्रथम नकार दिला. लेपमन यांनी पुन्हा पत्र लिहिले आणि अखेर तेथूनही एक उत्तम संग्रह आला. ३ जुलै १९४६ रोजी म्यूनिकच्या ‘हाउस देअर कुन्स्ट’मध्ये हे प्रदर्शन उघडले. नाझी राजवटीच्या कलाधोरणाचे प्रतीक म्हणून उभारलेल्या वास्तूत काही काळापूर्वीच्या शत्रुराष्ट्रांची चित्रपुस्तके मांडली जावीत, यातील अर्थ प्रेक्षकांच्या ध्यानी आल्यावाचून राहिला नसावा. पुढे हे प्रदर्शन अन्य शहरांतही गेले. त्याच वर्षीच्या नाताळच्या सुमारास बर्लिनमध्ये असताना मन्रो लीफ यांच्या झुंजण्यास नकार देणाऱ्या ‘फर्डिनंड’ या बैलाच्या कथेचे लेपमन यांनी स्वतः भाषांतर केले आणि वृत्तपत्री कागदावर तिच्या ३०,००० प्रती छापवून मुलांना वाटल्या.

प्रदर्शन संपले की पुस्तके परत पेटाऱ्यात जाणार, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १४ सप्टेंबर १९४९ रोजी म्यूनिक येथे आंतरराष्ट्रीय बालयुवा ग्रंथालय सुरू झाले. कपाटे खुली होती. मुलांनी स्वतःच्या हाताने पुस्तक निवडावयाचे होते. चित्रशाळा, परभाषांचे वर्ग, नाट्यप्रयोग आणि वाचलेल्या पुस्तकांवरील चर्चामंडळे हे तेथील नित्याचे उपक्रम होते. आज ज्यांना कार्यशाळा असे संबोधिले जाते त्यांचे हे पूर्वरूप होय. फरक इतकाच की, तेथे चिकित्सक मुले होती.

याच वर्षी प्रसिद्ध झालेले एरिश केस्टनर यांचे ‘प्राण्यांची परिषद’ हे पुस्तक लेपमन यांच्या कल्पनेवर आधारलेले असून त्याची चित्रे वाल्टर ट्रियर यांची आहेत. माणसांच्या निष्फळ परिषदांना कंटाळलेले प्राणी मुलांसाठी स्वतःची परिषद भरवितात, आणि सर्व मुले नाहीशी केल्यावरच राज्यकर्ते शांततेच्या करारास तयार होतात. परिषदांवर भिस्त ठेवणाऱ्या स्त्रीनेच परिषदांच्या उपहासाची ही कल्पना सुचवावी, यात विसंगती नाही. मुलाचे भान सुटलेली परिषद पोकळ ठरते, हा तिचा मथितार्थ आहे.

१९५१ च्या परिषदेकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. बालग्रंथांद्वारे आंतरराष्ट्रीय सामंजस्य हा तिचा विषय होता. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांचे व्याख्यान तेथे झाले. तिच्यातूनच बालग्रंथांसाठी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापण्याचा विचार पुढे आला आणि १९५३ मध्ये झुरिक येथे तो प्रत्यक्षात उतरला. केस्टनर, लिसा टेट्झनर आणि आस्ट्रिड लिंडग्रेन हे संस्थापकांपैकी होत. १९५६ पासून मंडळातर्फे हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक देण्यास प्रारंभ झाला. पहिले पदक एलिनॉर फार्जन यांना मिळाले.

या कार्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. प्रारंभीचे काम जेत्यांच्या सत्तेच्या आश्रयाने झाले, त्यामुळे पुनर्शिक्षणाच्या राजकीय धोरणापासून ते सर्वस्वी अलिप्त नव्हते. शिवाय ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाची व्याप्ती दीर्घकाळ संकुचित राहिली. लेपमन यांच्या हयातीत अँडरसन पदक युरोप आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांबाहेरील एकाही लेखकास वा चित्रकारास मिळाले नाही. ज्या मंडळाची उभारणी परक्या देशांची पुस्तके मागवून झाली, त्यानेच आशिया-आफ्रिकेतील पुस्तकांकडे उशिरा पाहावे, ही उणीव किरकोळ नव्हे. मंडळाचे अधिवेशन नवी दिल्लीत भरण्यास १९९८ साल उजाडावे लागले.

१९५७ मध्ये ग्रंथालयाची धुरा सोडून लेपमन झुरिक येथे स्थायिक झाल्या. १९६४ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. बालग्रंथांचा पूल ही त्याच्या शीर्षकातील प्रतिमा आहे. ४ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे ग्रंथालय १९८३ पासून म्यूनिकमधील ब्लुटेनबुर्ग किल्ल्यात आहे. बालसाहित्याच्या कोणत्याही संमेलनाचे मूल्यमापन तेथील निबंधांच्या संख्येवरून करावयाचे की त्याच्या शेजारी मुलांसाठी उघडे असलेल्या कपाटावरून, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्राने निःसंदिग्धपणे दिलेले आहे.