एडवर्ड हार्टली अँगल

एडवर्ड हार्टली अँगल (१ जून, इ.स. १८५५ - ११ ऑगस्ट, इ.स. १९३०) हे अमेरिकन दंतवैद्य, संशोधक आणि अध्यापक होते. वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात हळूहळू सरकवून योग्य जागी आणण्याच्या शास्त्राला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. बोलीभाषेत या उपचाराला 'दातांना तारा बसवणे' किंवा 'क्लिप लावणे' असे म्हटले जाते. या शास्त्राला दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभे करण्याचे श्रेय प्रामुख्याने अँगल यांना दिले जाते आणि म्हणून त्यांना आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानतात. त्यांनी केलेले दातांच्या जुळणीचे वर्गीकरण आजही जगभरच्या दंत महाविद्यालयांत शिकवले जाते. मात्र उपचारासाठी निरोगी दात कधीही काढू नये, हा त्यांचा आग्रह पुढे त्यांच्याच शिष्यांनी सोडून दिला.

पार्श्वभूमी

दात सरळ करण्याचे प्रयत्न अँगल यांच्या पूर्वीही होत असत. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूच्या वक्र पट्टीला दात दोऱ्याने बांधून ते ओढण्याची रीत सांगितली आहे. अमेरिकेत नॉर्मन किंग्जली यांचा या विषयावरील ग्रंथ १८८० मध्ये निघाला. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे काम म्हणजे सामान्य दंतवैद्याचा जोडउद्योग होता. प्रत्येक जण आपल्या समजुतीप्रमाणे साधने घडवी. पुढचे चार दात सरळ दिसू लागले की उपचार संपला, अशी समजूत होती. मागच्या दाढा एकमेकींवर नीट बसतात की नाही, याकडे फारसे लक्ष दिले जात नसे आणि जागा कमी पडली की दात उपटले जात.

बालपण व शिक्षण

अँगल यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड परगण्यात हेरिक या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. सात भावंडांत ते पाचवे होते. शालेय अभ्यासापेक्षा अवजारे हाताळण्याकडे आणि यंत्रे जुळवण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता. मुलाच्या हातातील हे कसब ओळखून आईने त्यांना एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारीस ठेवले. पुढे फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी या संस्थेतून त्यांनी १८७८ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि आपल्याच भागातील टोवांडा या गावी व्यवसाय सुरू केला.

प्रकृती साथ देईना म्हणून ते मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस येथे गेले. मध्यंतरी दंतवैद्यक सोडून त्यांनी भावासह मोंटाना प्रांतात मेंढपाळीचा उद्योगही करून पाहिला. परंतु कडक हिवाळ्यात कळप हातचा गेला आणि ते मिनियापोलिसला परतले. या अपयशामुळे ते पुन्हा दंतवैद्यकाकडे वळले आणि नंतर त्यांनी हे क्षेत्र सोडले नाही.

अध्यापन व स्वतंत्र शाखेची स्थापना

मिनियापोलिस येथे अँगल वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या नवव्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी दात सरकवण्याची व ते जागी टिकवण्याची आपली पद्धत मांडली. याच सुमारास त्यांच्या पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. पुढील वीस वर्षांत वाढत गेलेल्या या ग्रंथाची सातवी आवृत्ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती विशेष प्रभावी ठरली.

१८९० च्या दशकात त्यांनी इतर दंतोपचार सोडून केवळ दात सरळ करण्याच्या कामापुरता आपला व्यवसाय मर्यादित केला. त्या काळी हे धाडसाचे होते, कारण एवढ्याशा विषयावर कोणी पोट भरू शकेल यावर व्यवसायबंधूंचा विश्वास नव्हता. दंत महाविद्यालयांनी या विषयासाठी अधिक वेळ द्यावा, ही त्यांची मागणी मान्य होईना. तेव्हा त्यांनी १९०० मध्ये सेंट लुइस येथे स्वतःची शाळा काढली. केवळ या विषयाचे शिक्षण देणारी ती पहिली संस्था मानली जाते. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने ऑर्थोडॉन्टिक्सच्या व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली व तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हीच संघटना आज अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स या नावाने ओळखली जाते. १९०७ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिकही निघाले. शाळा, संघटना आणि नियतकालिक अशा तिन्ही आधारांवर नवी शाखा सात-आठ वर्षांतच उभी राहिली.

शाळेचे स्थलांतर पुढे न्यूयॉर्क, कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन आणि अखेरीस कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे झाले. तेथे १९२७ पर्यंत वर्ग चालू होते. अँगल यांच्या द्वितीय पत्नी ॲना हॉपकिन्स या प्रथम त्यांच्या सचिव होत्या. त्यांनी स्वतः दंतवैद्यकाची पदवी मिळवली होती आणि शाळेच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. विद्यार्थी त्यांना आदराने 'मदर अँगल' म्हणत.

दातांच्या जुळणीचे वर्गीकरण

अँगल यांनी आपले वर्गीकरण १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. दात सरळ दिसणे पुरेसे नाही, वरचे व खालचे दात परस्परांशी कसे जुळतात हे महत्त्वाचे, हा त्यामागील मूळ विचार होय. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी वरची पहिली कायमची दाढ त्यांनी मोजमापाचा आधार मानली. या दाढेचा गालाकडील पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील खाचेत बसला, तर दाढांचे नाते योग्य समजावे, असा नियम त्यांनी घालून दिला. त्यावरून सदोष जुळणीचे तीन वर्ग पडतात.

- पहिला वर्ग : दाढांचे नाते योग्य असते, परंतु पुढचे दात गर्दी, फटी किंवा वळण यांमुळे बिघडलेले असतात.
- दुसरा वर्ग : खालची दाढ आपल्या जागेपेक्षा मागे असते. वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असल्यास पहिला पोटविभाग आणि ते आत कललेले असल्यास दुसरा पोटविभाग मानतात.
- तिसरा वर्ग : खालची दाढ आपल्या जागेपेक्षा पुढे असते, अनेकदा खालचा जबडाच पुढे आलेला दिसतो.

या वर्गीकरणामुळे जगातील कोणत्याही दोन दंतवैद्यांना एकाच रुग्णाविषयी समान भाषेत बोलणे शक्य झाले. त्याच्या मर्यादाही नंतर स्पष्ट झाल्या. ते केवळ पुढे-मागे या दिशेचा विचार करते. दातांची उभी व आडवी दिशा, जबड्यांची ठेवण आणि चेहऱ्याचा आकार त्यात येत नाही.

साधने

शेतावरचे यांत्रिक कसब अँगल यांच्या साधनांत पुरेपूर उतरले. त्यांनी अनेक साधनांची पेटंटे घेतली. उपचाराची साधने पेटंटखाली आणावीत काय, यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. मात्र तयार व प्रमाणित भाग उपलब्ध झाल्याने प्रत्येक दंतवैद्याला साधने स्वतः घडवण्याची गरज उरली नाही. त्यांची साधने क्रमाक्रमाने विकसित होत गेली.

- ई-आर्च : दाढांवरील पट्ट्यांना जोडलेली जाड कमान. तिला इतर दात बारीक तारेने बांधले जात. यात दात केवळ कलत असत.
- पिन व नळी : प्रत्येक दाताच्या पट्टीवर उभी नळी आणि कमानीवर तिच्यात बसणारी पिन. यामुळे दाताचे मूळही सरकवता येऊ लागले. पण हे काम अतिशय किचकट होते.
- रिबन आर्च : फितीसारखी चपटी तार उभ्या खाचेत बसवण्याची पद्धत.
- एजवाइज : १९२५ च्या सुमारास तयार झालेली व १९२८ पासून लेखांद्वारे प्रसिद्ध झालेली पद्धत. यात ब्रॅकेटची खाच आडवी असून तिच्यात आयताकृती तार बसते. चौकटीत नेमकी बसणारी तार दाताला तिन्ही दिशांनी वळवू शकते. आज दातांवर चिकटवले जाणारे बहुतेक ब्रॅकेट याच कल्पनेची पुढील रूपे आहेत.

दात काढण्याविषयीचा वाद

आरंभीच्या लेखनात अँगल यांना काही प्रसंगी दात काढणे मान्य होते. पुढे त्यांचे मत पूर्णपणे बदलले. निसर्गाने दिलेले ३२ दात प्रत्येक मुखात सामावू शकतात आणि सर्व दात योग्य जुळणीत आणले की चेहराही आपोआप सुरेख होतो, अशी त्यांची धारणा झाली. हाड त्याच्यावर येणाऱ्या भारानुसार आपली रचना बदलते, या जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांच्या सिद्धांताचा त्यांनी आधार घेतला. दात योग्य जागी नेऊन चर्वण सुरू झाले की भोवताली नवे हाड तयार होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यांचे समकालीन कॅल्व्हिन केस यांना हे मान्य नव्हते. काही रुग्णांत जबडा व दात यांचे प्रमाणच जुळत नाही. तेथे दात न काढता कमान रुंदावली, तर ओठ पुढे येतात व दात पुन्हा वाकडे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये हा वाद राष्ट्रीय दंतवैद्य संघटनेसमोर गाजला. अँगल यांच्या बाजूने त्यांचे अनुयायी मार्टिन ड्यूई उभे राहिले. अँगल यांच्या हयातीत त्यांचाच पक्ष वरचढ ठरला.

निर्णय मात्र रुग्णांच्या दातांनीच दिला. अँगल यांचे अखेरच्या काळातील शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी काही वर्षे गुरूच्या शिकवणीप्रमाणे उपचार केले. अनेकांचे दात पुन्हा बिघडल्याचे व चेहरे पुढे आल्याचे त्यांना आढळले. तेव्हा उपदाढा काढून त्यांनी अशा रुग्णांवर दुसऱ्यांदा उपचार केले आणि १९४० मध्ये अशा १०० रुग्णांचे पुरावे व्यवसायबंधूंपुढे मांडले. ऑस्ट्रेलियातील शिष्य रेमंड बेग हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. गंमत अशी की, दोघांनीही गुरूचा सिद्धांत सोडला. परंतु साधन गुरूचेच ठेवले. ट्वीड यांनी एजवाइज वापरले, तर बेग यांनी रिबन आर्चमध्ये बदल करून आपली पद्धत बनवली. आज दात काढायचे की नाही, हे रुग्णागणिक मोजमाप करून ठरवले जाते.

निधन व स्मृती

कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे वयाच्या ७५ व्या वर्षी अँगल यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या 'द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट' या नियतकालिकाचा पहिला खंड १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला व ते आजही चालू आहे. त्याच खंडात त्यांचे शिष्य होली ब्रॉडबेंट यांनी चेहऱ्याच्या हाडांचे प्रमाणित क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत मांडली. अँगल यांच्या वर्गीकरणात नसलेले जबड्यांचे मोजमाप याच पद्धतीमुळे शक्य झाले.

प्रौढ वयातील उपचार

अँगल यांचा भर लहान वयात उपचार करण्यावर होता आणि दीर्घकाळ तारा म्हणजे शाळकरी मुलांचा उपचार, असेच समजले गेले. प्रत्यक्षात दात सरकण्याची क्रिया वयाबरोबर थांबत नाही. दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. सौम्य व सतत दाब दिल्यास दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड तयार होते. हिरड्या व हाड निरोगी असतील, तर हे कोणत्याही वयात घडू शकते. प्रौढांत जबड्याची वाढ पूर्ण झालेली असल्याने ती वळवता येत नाही, एवढाच मुख्य फरक आहे. जबड्यातच मोठा दोष असेल तर शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. हिरड्यांचा आजार असल्यास तो आधी बरा करावा लागतो.

अँगल यांच्या काळी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवावी लागे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाच्या साहाय्याने दंतवल्क खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटवण्याची रीत शोधली आणि त्यातून ब्रॅकेट थेट दातावर चिकटवणे शक्य झाले. दाताच्या रंगाचे ब्रॅकेट, दातांच्या आतील बाजूने बसणाऱ्या तारा आणि १९९० च्या दशकाअखेर आलेले पारदर्शक साचे यांमुळे नोकरदार प्रौढांचा संकोच कमी झाला. उपचारानंतर दात टिकवून ठेवणारे साधन (रिटेनर) वापरणे मात्र प्रत्येक वयात आवश्यक असते. अँगल यांनीही दात सरकवण्याबरोबर ते टिकवण्याला तितकेच महत्त्व दिले होते.

भारतातील प्रसार

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी ही संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली, मुंबईचे डॉ. एच. डी. मर्चंट हे तिचे पहिले अध्यक्ष होते. भारतात काही दशके बेग पद्धत लोकप्रिय होती. नंतर एजवाइजवर आधारित पद्धती रूढ झाल्या. या उपचाराला साधारणतः दीड ते दोन वर्षे लागतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी तार तपासून घ्यावी लागते. त्यामुळे ग्रामीण भागातील रुग्णाला खर्चाइतकाच प्रवासाचाही विचार करावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून मुंबईच्या दंत महाविद्यालयांत जाण्यासाठी आसनगाव स्थानकावरून लोकलगाडी मिळते. मुरबाड गावाला रेल्वे नसल्याने तेथील रुग्णाला आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. अशा ठिकाणी रोजगार बुडवून वारंवार फेऱ्या घालणाऱ्या प्रौढ रुग्णाने उपचार अर्ध्यावर सोडल्यास सरकलेले दात पुन्हा मूळ जागेकडे परतण्याची शक्यता असते.