कैसरबागेतले भातखंडे

लखनौ छावणीत माझ्या नोकरीची तीन वर्षं गेली. संध्याकाळी मोकळीक मिळाली की सायकल काढून मी हजरतगंजला जाई आणि तिथून कधीकधी कैसरबागेपर्यंत. तिथल्या एका जुन्या नवाबी वास्तूतून तबल्याचा ठेका आणि मुलामुलींच्या गळ्यातले सूर रस्त्यावर ऐकू येत. पहिल्यांदा फाटकावरचं नाव वाचलं तेव्हा मी सायकलवरून उतरलोच. भातखंडे! अवधच्या राजधानीत आपल्या वाळकेश्वरच्या माणसाचं नाव.

त्या नावाशी माझा एक जुना हिशेब होता. शाळेत असताना मी गावातल्या एका बुवांकडे वर्षभर गाणं शिकलो. विसरायला नको म्हणून मालकंसातली एक बंदिश वहीत लिहून घेतली. बुवांनी वही मागून घेतली, ते पान फाडलं आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं. विद्या कागदावर उतरली की ती कोणाच्याही हाती लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी रागावून गाणं सोडलं. बंदिशीचं तोंड तेवढं लक्षात राहिलं, अंतरा साफ गेला. विष्णु नारायण भातखंडे हा माणूस अशाच फाडलेल्या पानांच्या मागे देशभर हिंडला, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, गोकुळाष्टमीचा. १८८५ मध्ये ते बी.ए. झाले, १८८७ मध्ये वकील झाले. काही काळ कराचीला आणि मग मुंबईत वकिली केली. गाण्याचं वेड आधीपासूनचं होतं. मुंबईत पारशी मंडळींनी चालवलेली गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था होती. तिथे १८८४ पासून त्यांचं जाणं-येणं सुरू झालं आणि अनेक घराण्यांचे गवई त्यांना जवळून ऐकायला मिळाले. वल्लभदास दामुलजींकडे सतार आणि रावजीबुवा बेलबागकरांकडे धृपद शिकून झालं. पण ऐकावं तितका गोंधळ वाढे. एकच राग चार गवई चार तऱ्हांनी गात, आणि कारण विचारलं तर घराण्याकडे बोट दाखवत. वकिलाला एवढ्याने समाधान कसं व्हावं?

१९०० मध्ये त्यांची पत्नी गेली. १९०३ मध्ये मुलगी गेली. घरात कोणी उरलं नाही. त्यांनी वकिली आवरली आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९०४ मध्ये, दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. आपल्याकडे असा माणूस काशीला तरी जातो किंवा दार लावून बसतो. हे मद्रास, तंजावर, मदुरा असं फिरत एट्टयपुरमला पोचले आणि सुब्बराम दीक्षितरांना भेटले. व्यंकटमखी या सतराव्या शतकातल्या पंडिताच्या ग्रंथाचा माग त्यांना तिथे लागला. सर्व रागांची बहात्तर मेळांत मांडणी करणारा हा ग्रंथ. उत्तरेच्या रागांनाही अशी काही चौकट बसवता येईल, हा विचार तिथूनच पक्का झाला. पुढे त्यांनी ती दहा थाटांत बसवली.

१९०७ आणि १९०८ मध्ये नागपूर, कलकत्ता, हैदराबाद, अलाहाबाद, बनारस, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असे दौरे झाले. लखनौलाही ते प्रथम याच सुमारास आले. सगळं स्वतःच्या खर्चाने. साक्षीदार तपासावा तसे गवयांना प्रश्न विचारायचे, उत्तरं रोजनिशीत टिपायची आणि दुसऱ्या गावच्या उत्तरांशी ताडून पाहायची. पुष्कळांनी दारातूनच परत पाठवलं. काहींनी अर्धंच सांगितलं.

या उस्तादांना आज नावं ठेवणं सोपं आहे. मीही माझ्या बुवांना पुष्कळ ठेवली. पण ज्याच्याजवळ जमीन नाही, पगार नाही, त्याची इस्टेट म्हणजे त्या दोनशे-तीनशे चिजा. त्या मुलाला द्यायच्या, जावयाला द्यायच्या. वाटेवरच्या वकिलाला का द्यायच्या? भातखंडे त्यांच्याविषयी कधीकधी फार कठोर लिहीत, तेवढं मला पटत नाही. मात्र ते दारात ताटकळले, हेही खरं. जयपूरच्या मनरंग घराण्याचे महंमद अली खाँ, त्यांचे मुलगे आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून सुमारे ३०० चिजा त्यांनी मिळवल्या आणि फोनोग्राफवर भरून ठेवल्या. रामपूरला तर स्वतः नामांकित पंडित असूनही ते नवाब हमीद अली खाँ यांचे शागीर्द झाले. नवाबांचे गुरू वझीर खाँ हे तानसेनाच्या परंपरेतले. तिथलं भांडार उघडायचं तर मान तुकवणं भाग होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची कल्पना मला येते. वयाने लहान साहेबाला सलाम ठोकताना सुरुवातीला मलाही जड जाई.

मिळालेलं सगळं त्यांनी छापून टाकलं. रागांचा विचार 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'च्या चार भागांत मांडला, मराठीत आणि गुरु-शिष्यांच्या संवादातून. चिजा 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत दिल्या, १८०० हून अधिक. त्यांची लिपी नकाशावाचनाच्या खुणांइतकी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर. समेला फुली, खालीला शून्य. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं होतं आणि त्यांची लिपी वेगळी होती. दोन्ही विष्णूंच्या शिष्यांमध्ये यावरून पुष्कळ वर्षं वाद चालला. लिहिलेल्या गाण्याने गवयाचं स्वातंत्र्य जातं, असाही एक आक्षेप होता. तो मला कधीच समजला नाही. ड्रिल पक्की असलेली तुकडीच ऐन वेळी स्वतःच्या डोक्याने हलते, हे मी पाहिलं आहे.

१९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली बडोद्याला पहिली संगीत परिषद भरली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघालं. १९२४ आणि १९२५ च्या परिषदा लखनौला झाल्या आणि तिथेच कॉलेजचं ठरलं. दर्याबादचे राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली पाठीशी होते. १९२६ मध्ये कॉलेज सुरू झालं आणि त्याला नाव मिळालं गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचं. फी भरणाऱ्या कोणालाही, कोणत्याही घरातल्या मुलाला, उस्तादांच्या घरचं गाणं शिकता येऊ लागलं.

आता त्याच लखनौत त्याच वर्षी काय चाललं होतं ते पाहा. ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीजवळ क्रांतिकारकांनी रेल्वेतला सरकारी खजिना लुटला होता. त्यांचा खटला लखनौलाच चालला, रिंग थिएटरात, जिथे आज हजरतगंजचं मोठं पोस्ट ऑफिस आहे. रामप्रसाद बिस्मिल आणि त्यांचे साथी न्यायालयाच्या वाटेवर गाडीतून मोठमोठ्याने गात जात. त्यांच्यात एक मराठी माणूसही होता, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्री. ६ एप्रिल १९२७ ला निकाल लागला. खत्रींना दहा वर्षांची सजा झाली. बिस्मिल, अशफाकउल्ला, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी त्या डिसेंबरात फासावर गेले.

पोस्ट ऑफिसापासून कैसरबाग सायकलवर दहा मिनिटांची. एकीकडे मृत्यूच्या वाटेवरचं गाणं, दुसरीकडे गव्हर्नरच्या नावाच्या कॉलेजात सा-रे-ग-म. फौजी माणूस म्हणून माझा कल कुठे असणार हे सांगायला नको. पलुसकर निदान काँग्रेसच्या अधिवेशनांत गात. भातखंडे राजकारणापासून दूरच राहिले. बरेच दिवस मला ते खटकत होतं. मग त्या वास्तूचा इतिहास समजला. कॉलेज पुढे ज्या परीखान्यात आलं, तो वाजिद अली शाहचा. तिथे मुलींना गाणं आणि नाच शिकवत. त्यातलीच एक पुढे बेगम हजरत महल झाली. १८५६ मध्ये इंग्रजांनी नवाबाला कलकत्त्याला पाठवलं आणि पुढच्या वर्षी हिने लखनौचा लढा चालवला. मार्च १८५८ मध्ये गोऱ्या फौजेने कैसरबाग लुटली. तिथे पुन्हा सूर उमटले, तेही इंग्रजाचं नाव वापरून आणि सरकारचं साहाय्य घेऊन. यात हार कोणाची झाली, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

एक तक्रार मात्र उरते. ज्या शहराने ठुमरी वाढवली, तिथे या पंडिताच्या क्रमिक पुस्तकांत धृपद, धमार आणि ख्याल भरपूर, पण ठुमरी जवळपास नाही.

१९२८ पासून प्राचार्यपद त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी सांभाळलं. तलत महमूद आणि संगीतकार रोशन याच कॉलेजात शिकले. १९३३ मध्ये भातखंड्यांना अर्धांगवायू झाला आणि तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते गेले. मालिकेचा शेवटचा भाग त्यानंतर निघाला. कॉलेजला त्यांचं नाव मिळायला १९६६ साल उजाडलं.

बदलीचा हुकूम आला त्या आठवड्यात मी अमीनाबादेत मालिकेचे जुने हिंदी भाग विकत घेतले. रेल्वेत मालकंसाची पानं उलटताना माझी बंदिश सापडली, अंतऱ्यासकट. बुवा तेव्हा हयात नव्हते.

आता तो भाग आपल्या बँडरूममध्ये असतो. गेल्या महिन्यात नववीतल्या एका कॅडेटने मालकंसाचं पान वहीत उतरवून घेतलं. तालाच्या खुणा दोन ठिकाणी चुकल्या आहेत. शुक्रवारी परेडनंतर आम्ही त्या दुरुस्त करणार आहोत.