सायकलच्या गिअरला नाही म्हणणारा माणूस! कोण होते आंरी देग्रांज?

टाइम ट्रायलच्या सायकलचं वजन किती, सीट कुठे, हे नियम ठरवतात. हा वाद नवा नाही. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांनी तो आयुष्यभर लढवला.

१८६५ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेले देग्रांज स्वतः सायकलपटू. ११ मे १८९३ रोजी त्यांनी तासाभरात ३५.३२५ किमी अंतर कापून विक्रम केला. पुढे संपादक झाल्यावर १९०३ मध्ये त्यांनी टूर सुरू केली.

शर्यत पायांनी जिंकावी, यंत्राने नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून आघाडीच्या रायडर्सना गिअर बदलणारा डिरेलर वापरायला बंदी होती. घाट लागला की खाली उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या मापाचं दातेरी चक्र असे. १९३० मध्ये कंपन्यांचा प्रभाव मोडण्यासाठी त्यांनी सर्वांना एकसारख्या सायकली दिल्या.

आजारपणामुळे १९३६ मध्ये ते बाजूला झाले. पुढच्याच वर्षी डिरेलरला परवानगी मिळाली. १९४० मध्ये त्यांचं निधन झालं.

गिअरची लढाई ते हरले, पण प्रश्न उरला. आंतरराष्ट्रीय नियमांनी होणाऱ्या शर्यतीत आज सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.