गोदाराणी

मुंबईहून उत्तरेस निघालेली आगगाडी पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू अशी स्थानके मागे टाकीत जाते. पश्चिमेस तारापूर-चिंचणीचा समुद्रकिनारा व बागायती वाड्या. पूर्वेस मात्र एकामागून एक डोंगर आणि त्यांच्या कुशीत वारली लोकांचे विखुरलेले पाडे. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा सारा भाग पालघर जिल्हा झाला. तत्पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता.

एके काळी येथील डोंगर सागाच्या दाट वनांनी झाकलेले होते. वारली त्या वनात राही आणि उतारावर नाचणी, वरी पिकवी. जमिनीचा कागद करावा लागतो, ही कल्पनाच त्याला नव्हती. पुढे इंग्रजी अंमलात रेल्वे आली, लाकडाचा व्यापार वाढला, सरकारने वने राखीव केली, आणि सावकाराची वही पाड्यापर्यंत पोहोचली. ऐन पावसाळ्यात घरातील धान्य सरले की वारली सावकाराकडून खावटी घेई. सुगीत ती वाढीसह फेडी. फिटली नाही तर शेत गहाण पडे. अशा रीतीने कालचा जमीनधारक आपल्याच शेतावर कूळ झाला. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्याची स्थिती याहूनही वाईट. तो व त्याची बायको सावकाराघरी राबत आणि जन्मभर राबूनही कर्ज फिटत नसे. अशा माणसास लग्नगडी म्हणत.

भूमीचे रूपही पालटत चालले होते. मुंबईच्या तबेल्यांत गवताला चांगला भाव मिळे, म्हणून मोठमोठी माळराने मालक गवतासाठीच राखून ठेवीत. ते गवत कापणारे हात वारल्यांचे, पैसा मालकाचा.

भातशेती ज्याने पाहिली आहे, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. उन्हाळ्यात पालापाचोळा भाजून राब करावा लागतो, त्यावर रोपे वाढवावी लागतात, आणि पाऊस लागताच लावणी उरकावी लागते. पाऊस कोणासाठी थांबत नाही. परंतु वारल्याने आधी मालकाच्या शेतात फुकट राबावे, अशी सक्ती होती. यालाच वेठ म्हणत. मालकाचे शेत हिरवेगार होई, तेव्हा वारल्याचे शेत नुसतेच चिखलात पडून असे. ज्याला भूमीची नाडी सर्वांत अधिक कळत होती, त्यालाच तिची निगा वेळेवर राखता येत नव्हती.

या लोकांमध्ये १९४५ साली एक स्त्री आली. गोदावरी परुळेकर हे तिचे नाव. गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात, गोखल्यांच्या सुखवस्तू घरात झाला. वडील वकील होते. मुलींनी महाविद्यालयात जाणे हीच जेथे नवलाची गोष्ट, तेथे गोदावरीबाईंनी कायद्याची पदवी मिळविली. महाराष्ट्रात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला. वडिलांना हा मार्ग रुचला नाही, तेव्हा त्या घर सोडून मुंबईस आल्या. भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य म्हणून त्यांनी साक्षरताप्रसाराचे आणि घरकामगार स्त्रियांच्या संघटनेचे काम केले. १९३९ साली त्यांचा शामराव परुळेकरांशी विवाह झाला. दोघांनीही कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि शेतकऱ्यांची संघटना हेच आपले जीवितकार्य मानले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे झरी गावाचा माह्या धांगडा हा वारली आपल्या काही सोबत्यांसह आला होता. त्याने आपल्या मुलखाची कहाणी सांगितली आणि तिकडे येण्याची विनंती केली. गोदावरीबाई गेल्या. वारल्यांच्या झोपडीत त्या उतरल्या, नाचणीची आंबील प्यायल्या, डोंगरवाटा पायी तुडवू लागल्या. शहरातील सुशिक्षित स्त्रीला वारल्यांची बोली प्रथम नीट समजत नव्हती. त्यांनाही तिची भाषा परकी वाटे. आपल्याला काही मागता येते, हेच मुळी त्यांना खरे वाटत नव्हते. त्यांच्या मनातील पिढ्यान्‌पिढ्यांचे भय घालविणे हे गोदावरीबाईंचे खरे काम होते, आणि ते सभेतील व्याख्यानांनी होण्यासारखे नव्हते.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली. पाच हजारांच्या आसपास माणसे जमली होती. यापुढे वेठ करावयाची नाही, आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्यावाचून मालकाच्या खासगी शेतावर जावयाचे नाही, असे तेथे ठरले. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला होता. लावणीच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय किती नेमका होता, हे शेतकऱ्यालाच कळेल. वेठीची आणि लग्नगड्यांची पद्धत भराभर मोडू लागली.

पावसाळा संपला आणि गवतकापणीचा हंगाम आला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये मिळावेत, म्हणून वारल्यांनी संप केला. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मरण पावले. गोदावरीबाई त्या वेळी तेथे नव्हत्या. आपल्या नावावर विसंबून लोक जमले आणि प्राणास मुकले, ही जाणीव किती जड असेल! तथापि वारली डगमगले नाहीत. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी त्यांनी तसाच लढा दिला. सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथेही गोळीबार झाला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कूळकायदा झाला, आणि त्यातील पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक होण्याची वाट खुली झाली. परंतु कागदावरील हक्क प्रत्यक्ष शेतात उतरविणे सोपे नसते. कूळ म्हणून नोंदच नसेल तर कायदा काय करणार? वनखात्याच्या जमिनीवरील एकसाली प्लॉट तर वेगळेच दुखणे होते. तेथे वर्षाच्या बोलीवर जमीन मिळे. पुढील साली ती आपल्या हाती राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो बांध कशाच्या भरवशावर घालील आणि आंब्याचे झाड कोणासाठी लावील? या प्रश्नांसाठी गोदावरीबाई कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या. तलासरीस त्यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणाची आणि वसतिगृहाची सोय केली.

त्यांना अनेकदा कारावास घडला. १९६५ साली शामराव स्थानबद्धतेत असतानाच निवर्तले. त्या वेळी गोदावरीबाईही बंदिवासात होत्या. १९७० साली त्यांनी वारल्यांच्या लढ्याची हकिकत सांगणारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पाड्यापाड्यांवर मात्र त्यांची ओळख गोदाराणी अशीच होती.

त्यांच्या हयातीतच तारापूरला अणुवीज केंद्र उभे राहिले, बोईसरला कारखाने आले, आणि वारल्यांची तरुण मुले मजुरीसाठी तिकडे जाऊ लागली. वनजमिनीवरील हक्कांचा कायदा संसदेने संमत केला तो २००६ साली. तो पाहावयास गोदावरीबाई नव्हत्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी १० ऑक्टोबर होता, जेठ्या गांगड व त्याच्या सोबत्यांच्या स्मरणासाठी तलासरीत लोक जमतात तो दिवस.